थायलंडला डिटॉक्सला जायचंय, पण शुगरच्या गोळ्यांचं काय करू?

वाचकाचं पत्र (थोडक्यात): "ताई, नमस्कार. मी कोथरूडला राहते, वय ५८. डायबेटिस होऊन दहाएक वर्षं झाली, बीपी पण आहे. सकाळी मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी, एक डापाग्लिफ्लोझिन आणि बीपीची टेल्मिसार्टन, एवढं चालू आहे. आमच्या भिशीतल्या मैत्रिणी दिवाळी झाली की सिंगापूरमार्गे थायलंडला कोह सामुईला जातायत, तिथे सात दिवसांचं डिटॉक्स पॅकेज आहे. फक्त ज्यूस, रोज कोलन क्लीन्स, दोनदा व्हिटॅमिनची सलाईन, शिवाय स्टीम आणि मसाज. एजंट म्हणतो पहिल्या दिवसापासून सगळ्या गोळ्या बंद करा, शुगर आपोआप खाली येते, बऱ्याच जणांच्या गोळ्या कायमच्या सुटल्यात. मुलगा अमेरिकेतून फोनवर म्हणतो अजिबात जायचं नाही. मिस्टर म्हणतात तुझं तू बघ. आमच्या डॉक्टरांना विचारलं नाही, ते ओरडतील. आयुष्यात पहिल्यांदा मैत्रिणींबरोबर परदेशी जायची संधी आलीय हो. जाऊ की नको?"

नमस्कार ताई,

जा. मैत्रिणींबरोबर जायचं मन होतंय तर जरूर जा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण सात दिवस नुसत्या ज्यूसवर राहायचं मात्र स्वतःच्या मनाने करू नका, गोळ्या बंद ठेवून पण नाही आणि चालू ठेवून पण नाही. कोलन क्लीन्स, म्हणजे नळीने पाणी सोडून आतडी धुणं, आणि सलाईन तर सरळ काढूनच टाका त्या पॅकेजमधून. मुलगा नुसतं "नको" म्हणाला आणि तुमचं समाधान झालं नाही ते बरोबरच आहे, का नको ते कोणीतरी नीट सांगायला पाहिजे ना, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी अनेक वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेय. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, हे दिवस आले की शुगरच्या पेशंटांचे दोनच प्रकार दिसतात, एक जण उपास आहे म्हणून सगळ्या गोळ्या सोडतो आणि दुसरा काहीही न खाता सगळ्या गोळ्या घेतो, आणि दोघांनाही वाटतं आपण बरोबर करतोय. तुमच्या एकत्र गोळीत दोन औषधं आहेत, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन धरून शुगरची तीन औषधं झाली, आणि प्रत्येकाचं उपासातलं वागणं वेगळं आहे, त्यामुळे "सगळ्या बंद" किंवा "सगळ्या चालू" असं सरसकट उत्तर असूच शकत नाही.

आधी ग्लिमेपिराइडचं बघू. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ते बघत नाही. पोटात फक्त काकडी-सेलरीचा रस असेल तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणं अडखळतं, आणि हे झोपेत झालं तर कळतही नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही, पण उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर तीही थांबवावी लागू शकते.

मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या तिसऱ्या नावाची, डापाग्लिफ्लोझिनची. चांगलं औषध आहे, हृदयाला आणि किडनीलाही उपयोग होतो त्याचा, उगाच घाबरून आजच बंद करू नका. पण ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं, आणि त्यात वरून तुम्ही खाणं बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन साठतात, रक्त आम्लधर्मी व्हायला लागतं. याला कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात आणि त्यात माणूस आयसीयूत जातो. यातली अवघड गोष्ट अशी की एरवी या त्रासात शुगर चारशे-पाचशे दिसते, तशी इथे दिसेलच असं नाही, मीटरवर दीडशे-दोनशे येते आणि सगळे म्हणतात शुगर तर छान आहे. म्हणून मोठी सर्जरी किंवा लांबचा उपास असेल तर हे औषध साधारण तीन दिवस आधीपासून थांबवतात, पण ते तुमचे डॉक्टर किडनीचे रिपोर्ट बघून सांगतील, एजंट नाही.

आता याची लक्षणं बघा. मळमळ, उलटी, पोटात दुखणं, प्रचंड थकवा, धाप लागणं. आणि डिटॉक्सच्या ठिकाणी तिसऱ्या दिवशी कोणी म्हणालं की मला मळमळतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, तर बहुतेक ठिकाणी काय उत्तर मिळतं? की हे होणारच, शरीरातलं विष बाहेर पडतंय, अजून एक दिवस कळ काढा. धोका खरा इथे आहे ताई. धडधाकट बाईला ते एक दिवस कळ काढणं निभावून जाईल, तुम्हाला नाही. तुम्हाला त्या वेळी हॉस्पिटल लागेल, आणि आजूबाजूचे सगळे जण तुम्हाला धीर देत बसलेले असतील.

गोळ्या कायमच्या सुटतात हे एजंट कुठून बोलतोय तेही सांगते, कारण ते अगदीच हवेतलं नाही. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाची एक मोठी चाचणी झाली, तिचे पहिल्या वर्षाचे निकाल २०१७ मध्ये आले. त्यात दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीचा आहार तीन ते पाच महिने दिला, मग हळूहळू नेहमीचं जेवण, आणि वर्षाच्या शेवटी जवळपास निम्म्या लोकांचा डायबेटिस गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या त्यांच्याही पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या. पण त्या सगळ्यांचा डायबेटिस सहा वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन कोणाचं चालू नव्हतं, आणि वर्षभर त्यांचा दवाखाना त्यांच्या मागे होता, लागेल तेव्हा गोळ्या परत सुरू करत होता. तुम्हाला दहा वर्षं झालीयत आणि पॅकेज सात दिवसांचं आहे. वजन कमी करून गोळ्या कमी करायची इच्छा असेल तर ती फार चांगली इच्छा आहे, ती डॉक्टरांना सांगा, पुण्यात बसून करता येण्यासारखं काम आहे ते.

आणि डॉक्टर ओरडतील म्हणून विचारलं नाही, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण असं म्हणणाऱ्या बायका मी खूप बघितल्यात. ओरडले तर ओरडू देत. जाताना पॅकेजचा कागद, गेल्या तीन महिन्यांचं एचबीएवनसी (शुगरची सरासरी), किडनीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट असं सगळं घेऊन जा आणि सरळ म्हणा, "मी जायचं ठरवलंय, उपास करणार नाहीये, पण तिथे खाणं कमी-जास्त झालं, उलट्या-जुलाब झाले, तर कुठली गोळी थांबवू आणि कुठली चालू ठेवू ते कागदावर लिहून द्या." असा स्पष्ट प्रश्न विचारला की डॉक्टरही स्पष्ट उत्तर देतात.

रिसॉर्ट चांगला की वाईट हे कसं ओळखायचं, असंही तुम्ही पत्रात पुढे विचारलंय. मी तर एकच गोष्ट बघेन, ते तुम्हाला घेण्याआधी काय विचारतात. तुम्ही लिहिलंय की बुकिंगच्या फॉर्ममध्ये व्हेज-नॉनव्हेज विचारलं, टी-शर्टचा साइज विचारला, पण कुठला आजार आहे आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत हा रकानाच नव्हता. मग झालं की, यातच सगळं आलं. जी जागा सात दिवस उपाशी ठेवणार आहे तिला तुमच्या गोळ्या माहीत करून घ्याव्याशा वाटत नसतील तर तिथे उपास करायचा नाही. तरी एकदा ईमेल टाका, एजंटला नाही, थेट रिसॉर्टला. माझ्या या या गोळ्या चालू आहेत, तुमच्याकडे रात्री नर्स असते का, ग्लुकोमीटर आहे का, त्रास झाला तर कुठल्या हॉस्पिटलला नेता आणि किती वेळ लागतो. थायलंडमध्ये हॉस्पिटलं उत्तम आहेत, बँकॉकच्या बुमरुंग्राडला २००२ मध्येच जेसीआय हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, आशियात पहिलं. पण तो दर्जा हॉस्पिटलचा, समुद्रकाठच्या रिसॉर्टला तो आपोआप लागू होत नाही, वेबसाइटवर पांढरा कोट घातलेल्या माणसाचा फोटो आहे म्हणून फसू नका.

कोलन क्लीन्सबद्दल माझं मत पक्कं आहे, करू नका. आतड्यात साचलेला मळ वगैरे जे सांगतात त्याला आधार नाही, शरीर साफ ठेवायला लिव्हर आणि किडनी चोवीस तास काम करतायत. नळीने पाणी सोडताना आतड्याला भोक पडल्याच्या घटना आहेत, सोडियम-पोटॅशियम बिघडतं, बीपी आणि किडनीवाल्यांना ते जास्त महागात पडतं. आणि मशीन नीट साफ नसेल तर काय होतं बघा, अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये १९७८ ते १९८० या काळात एकाच क्लिनिकच्या मशीनमधून लोकांना अमीबाची लागण झाली आणि त्यात सहा जण दगावले. नळी नवी आहे हे तुम्हाला दिसेल, मशीनच्या आतलं काही दिसत नाही.

सलाईनचं पण तेच. व्हिटॅमिन सी जास्त प्रमाणात शिरेतून दिलं की काही ग्लुकोमीटर शुगर खोटी जास्त दाखवतात, म्हणजे खरी शुगर घसरत असताना मीटरवर दोनशे! तुमच्यासारखीला हे किती धोक्याचं आहे ते मी वेगळं सांगायला नको. शिवाय सुई. न्यू मेक्सिकोमधल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर स्वतःच्याच रक्ताची इंजेक्शनं घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाला, तो स्पा २०१८ मध्ये बंद झाला आणि अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये त्यावर अहवाल दिला. तोही नावाला स्पाच होता, पण त्याच्याकडे परवाना नव्हता. सुट्टीवर असताना अंगात सुई जाईल असं काहीच करू नका, मग ते ड्रिप असो, फेशियल असो की टॅटू. पालकाचा हिरवा ज्यूस रोज तांब्याभर पिऊन किडनी खराब झाल्याच्या केसेस पण आहेत, त्यात किडनीत साचणारं ऑक्सलेट भरपूर असतं, तेव्हा हौस म्हणून एखादा ग्लास ठीक, त्यावर दिवस काढायचे नाहीत. तिथून "हर्बल" वजन कमी करायच्या गोळ्या तर कोणीही दिल्या तरी घेऊ नका. अशा गोळ्यांमध्ये चोरून घातलेलं सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध अनेकदा सापडलंय, ते बीपी वाढवतं आणि भारतात २०११ पासून बंद आहे.

आता मजा कशाची करायची ते पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईंनी सगळंच काढून घेतलं. थाई मसाज करून घ्या, ती खरी विद्या आहे, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. फक्त आधी सांगा की मान मोडायची नाही, झटका द्यायचा नाही, पाठीवर उभं राहायचं नाही. मानेला झटका बसून रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, स्पॉन्डिलोसिस असेल तर अजून जपायला हवं. स्टीम दहा मिनिटं, पाणी पिऊन, आणि उठताना हळू, कारण बीपीची गोळी आणि उष्णता मिळून चक्कर येते. गरम पाण्याच्या टबची मला शंका असते, पाणी कोमट असलं आणि क्लोरीन नीट नसलं की त्यात लिजनेला नावाचा जंतू वाढतो आणि त्याने न्यूमोनिया होतो, पन्नाशीच्या पुढे जास्त. टबमधलं पाणी गढूळ किंवा बुळबुळीत दिसलं तर उतरूच नका.

पावलांचं मात्र मनावर घ्या. दहा वर्षांच्या शुगरमध्ये बऱ्याच जणांच्या तळपायाची जाणीव कमी होते आणि ते त्यांना माहीतच नसतं. जाण्याआधी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या, ते तळव्याला एक बारीक नायलॉनची दोरी टेकवून विचारतात, कळतंय का. तिथे गरम दगडाचा मसाज नको, भाजलेलं कळत नाही. माशांकडून पाय कुरतडून घ्यायचा तो फिश स्पा अजिबात नको, पेडिक्युअरमध्ये ब्लेडने टाच खरवडू देऊ नका. वाळूत अनवाणी चालायचा मोह होईल, दुपारची वाळू तापलेली असते, शिंपल्याने कापतं, त्यापेक्षा मागे पट्टा असलेल्या सँडल घाला आणि रोज रात्री मोबाइलचा कॅमेरा लावून तळवे बघा, बोटांच्या मधे पण.

तारखांचा पण विचार करा. दिवाळीनंतर म्हणजे कोह सामुईला ऐन पावसाळा, आपला पाऊस संपतो तेव्हा थायलंडच्या त्या बाजूला जोर धरतो, ऑक्टोबर ते डिसेंबर, नोव्हेंबर सगळ्यात ओला. समुद्र खवळलेला आणि डास भरपूर, डेंग्यू आहेच. भिशीतल्या मैत्रिणींना पटवून फेब्रुवारीत नेलंत तर हवाही छान आणि तुम्हालाही तयारीला वेळ मिळेल, टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए ची लस निदान दोनेक आठवडे आधी घेतलेली बरी, फ्लूची पण घ्या.

गोळ्या पूर्ण पट्टीतच न्या, दिवसांपेक्षा आठवड्याभराच्या जास्त, आणि सगळ्या केबिन बॅगेत. आपल्याकडे लोक कात्रीने पट्टी कापतात आणि मग हातात असा तुकडा येतो की त्यावर ना नाव ना एक्सपायरी, अर्धी अक्षरं आणि लॉट नंबर. दुकानात आम्ही ओळखीने ओळखायचो, परदेशातल्या हॉस्पिटलमध्ये कोण ओळखणार? प्रिस्क्रिप्शन इंग्रजीत, टाइप केलेलं, ब्रँडच्या नावाबरोबर मूळ औषधाचं नाव असलेलं हवं. झोपेची अल्प्राझोलॅम वगैरे कोणा मैत्रिणीची चालू असेल तर तिला डॉक्टरांचं पत्र लागेल आणि महिन्याभरापेक्षा जास्त न्यायची नाही. आणि दिवाळीचा फराळ बरोबर न्याल म्हणून आठवलं, सिंगापूरमार्गे जाताय तर अनारसे घरीच ठेवा, तिथे खसखशीवर बंदी आहे. थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून ऑनलाइन भरावं लागतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही.

इन्शुरन्स काढताना डायबेटिस आणि बीपी दोन्ही लिहा, प्रीमियम वाढला तरी. लपवलं तर नेमक्या वेळेला क्लेम फेटाळतात. आणि पॉलिसीत काय वगळलंय ते पान आधी वाचा, ट्रीटमेंटसाठीच प्रवास केला तर त्या ट्रीटमेंटमुळे झालेला त्रास साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुधा धरत नाहीत.

उपासाचा अनुभव घ्यायचाच असेल तर आधी इथे घ्या ना. उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम गांधीजींनी १९४६ मध्ये सुरू केलेला, तुमच्यापासून तासा-दीड तासावर. ताडीवाला रोडला बापू भवनात राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. तिथेही तुमची गोळ्यांची यादी आधी दाखवायचीच, पण काही झालं तर भाषा आपली, तुमचे डॉक्टर एका फोनवर, आणि मिस्टर रिक्षाने पोचतील.

खोलीत तुमच्याबरोबर जी मैत्रीण असेल तिला निघायच्या आधी एकदा घरी चहाला बोलवा आणि सगळं दाखवून ठेवा. ग्लुकोमीटर कसा लावायचा, ग्लुकोजची पावडर कुठल्या पर्समध्ये आहे. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, नाही वाढली तर परत तेवढंच. बेशुद्ध असाल तर तोंडात काही घालायचं नाही, लगेच १६६९ लावायचा, थायलंडमध्ये अँब्युलन्सचा नंबर तो आहे, टुरिस्ट पोलिसांचा ११५५. आणि तुम्हाला सारख्या उलट्या होतायत, धाप लागतेय, तर मीटर काहीही दाखवो, रिसॉर्टवाले काहीही म्हणोत, तिने तुम्हाला हॉस्पिटलला न्यायचं आणि तिथे डापाग्लिफ्लोझिनचं नाव घेऊन कीटोन तपासा म्हणायचं. हे नाव तिच्या मोबाइलमध्ये पण लिहून ठेवा.

परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना आधी थायलंडला जाऊन आले हे सांगा, टबमध्ये बसला असाल तर तेही, आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉल सोडून दुसरी दुखण्याची गोळी घेऊ नका. मुलाला हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, त्याच्या "अजिबात नाही"चं बहुतेक "बरं, पण रोज फोन कर" होईल. आणि डॉक्टरांकडची अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, पॅकेजचा पुढचा हप्ता भरण्याआधी.

तुमची ताई